ठकीची डिस्क

सोमवार, ३

आले एकदाची! सांगते मी, लिहिते नात. मला अक्षर येत नाही आणि तिला गप्पा सुचत नाहीत, म्हणजे आमचं जमलं. मी तिला पंतोजी म्हणते. बोलेन तेच लिहायचं, मधे शहाणपणा घालायचा नाही, ही माझी अट. दिवसाला एकच पान, ही तिची.

घर छान आहे. खाली दोन खोल्या, वर दोन, मधे लाकडी जिना. माझी लेक त्याच जिन्यावरून पडून गेली, वर्ष झालं. पाय घसरला, असं जावईबापू म्हणतात. आज त्यांनी माझी पेटी स्वतः उचलली, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, आई, तुम्ही आलात, आता घराला घरपण येईल. म्हटलं, येईल हो. मी स्वयंपाकाला आलेय अशी त्यांची समजूत आहे. राहू दे. मला त्या घसरलेल्या पायाची चौकशी करायचीय.

मंगळवार, ४

पंतोजीचं काम कॉम्प्युटर दुरुस्तीचं. वरच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल, त्यावर उघडी यंत्रं, वायरींचा गुंता, बशीभर स्क्रू. लेकीचा कॉम्प्युटरही तिथेच. बाप सकाळी तिला म्हणाला, आईचं सगळं पुसून टाक आणि त्यावर लिनक्स घाल, चांगलं यंत्र धूळ खातंय. लिनक्स म्हणजे काय गं? तर घर तेच, बिऱ्हाड नवं, असं तिने समजावलं. पुसण्याआधी आईचे फोटो काढून घ्यायचे, असा तिचा बेत.

पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर विचारतात, कोणत्या डिस्कवर मांडामांड करू? खाली डिस्कची यादी यायला हवी. यादी कोरी. डिस्कच दिसेना. म्हटलं, उशीखाली बघ, माझा चष्मा तिथेच सापडतो. ती म्हणाली, आजी, गप्प बसायचं काय घेशील?

बुधवार, ५

केबल बदलली. दुसऱ्या खोबणीत घातली. डिस्क फिरतेय, हाताला थरथर लागते. यंत्राच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानावर ती दिसते, लिनक्सच्या यादीत मात्र नाही. म्हटलं, घरात आहे पण पाहुण्यांसमोर येत नाही, म्हणजे रुसलीय. मग पंतोजीला सापडलं. त्या पानावर रेड नावाची पद्धत लावून ठेवली होती, ती काढून एएचसीआय नावाची साधी पद्धत लावायची. दुपारी केली, आणि आली की यादी!

एकच ओळ. पंतोजीने वाचली आणि मला विचारलं, आजी, ठकी कोण?

ठकी म्हणजे माझी लेक. पण हे नाव फक्त माझ्या तोंडात होतं, तेही आम्ही दोघीच असताना. या घरात ते कोणाला ठाऊक नाही.

गुरुवार, ६

डिस्कवर फोटो नाहीत. लेकीने लिहून ठेवलेलं एकच पान आहे, ती जायच्या आठ दिवस आधीचं. पंतोजीने मोठ्याने वाचायला घेतलं. आज त्यांनी मला जिन्यावरून ढकललं. कठडा हाताला लागला म्हणून वाचले. एवढं वाचलं आणि ती थांबली. पुढे वाच म्हटलं. नाही म्हणाली. म्हटलं, मला वाचता येत नाही म्हणून माझ्यापासून लपवतेस? तेव्हा वाचलं. आईला फोन केला, निघून येऊ का विचारलं. आई म्हणाली, निभावून घे.

हो. म्हटलं होतं मी. लिही ते. खोडू नकोस.

जेवताना जावईबापूंना मीच वाढलं. पोटभर जेवले. मी त्यांचे हात बघत होते.

शुक्रवार, ७

यादीत आज दोन ओळी. वर ठकी, खाली बापाचं पूर्ण नाव. शेजारी लिहिलंय म्हणे, ही ओळ निवडली तर सगळं पुसलं जाईल, परत मिळणार नाही. पंतोजीने घाबरून डिस्क उपटली आणि माझ्या हातात दिली. डिस्क माझ्या मांडीवर आणि यादी पडद्यावर तशीच! पंतोजी म्हणाली, ते पान घेऊन आपण पोलिसांत जाऊ. फोन आणायला खाली गेली.

मला अक्षर येत नसेल, पण दुसरी ओळ कोणती ते कळतं. बटण कुठलं दाबायचं ते चार दिवस बघतच होते. दाबलं.

चहाच्या वेळी जावईबापू कप हातात धरून विचारत होते, हे कशासाठी असतं? मग जिन्याच्या वरच्या टोकाला जाऊन उभे राहिले. उतरायचं कसं ते आठवेना. लहान मुलासारखे रडले. मी खाली उभी राहून पाहिलं. मला हसू आलं. हसू आलं असंच लिही गं.

शनिवार, ८

डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, मार नाही, ताप नाही, पण माणूस कोरा आहे. नाव विचारलं की विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

वर गेले. बापाची ओळ नाहीशी. तिच्या जागी नवी ओळ. कोणाचं नाव, विचारलं. पंतोजीने त्या ओळीवर हात ठेवला. तुझं नाही ना, शपथ घे म्हटलं. घेतली. मग उरलं कोण, ते कळायला मला वाचता यायची गरज नाही.

बटणाला कोणी हात लावलेला नाही. तरी किती पुसलं ते दाखवणारी निळी पट्टी पुढे सरकतेय. पंतोजीने भिंतीतली वायर काढली. पडदा चालूच.

ढकलणारा एक. आणि तिथेच राहा म्हणणारी—

रविवार, ९

नवऱ्याचा चेहरा गेला. सकाळी होता. माझ्या आईचं नावही— पंतोजी म्हणते, पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली.

तिला म्हटलं, तू नीघ इथून. नाही म्हणते. हट्टी, अगदी बापा— नाही. आईवर गेलीय.

मला राग नाही आला ठकीचा. भीती वाटते. पण राग नाही. मी तिच्या जागी असते तर मीही हेच—

सोमवार, १०

लवकर लिही. तुला मी काय म्हणते ते— असू दे. तू लिही.

तिने फोन केला होता. ती, माझी— माझ्या पोटची. मी म्हणायला हवं होतं, नीघ. आत्ता नीघ. मी इथे आहे, दार उघडं— दार म्हणजे ते, ज्यातून आपण— तिला सांग, ये. सांग, मी—