चौथं बेट आणि तुझी शाल

प्रिय याडी,

तू जाऊन दोन पौष झाले. एवढ्या दिवसांत तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि आज गॅरेजचं शटर न उघडताच लिहायला बसलो आहे. आपलं बोलणं बंजाऱ्यांच्या गोरबोलीतलं, आईला याडी म्हणणारं, पण शाळेनं मला लिहायला शिकवलं ते मराठीत. तेव्हा मराठीतच लिहितो. वाचून दाखवायला तिथं कोणी ना कोणी असेलच!

कारण सांगतो. आज सकाळी ती शाल मी तुझ्या फोटोवर घातली. तीच, जरीच्या काठाची. कोरोना ओसरल्यावर 'तांडा वाचवला' म्हणून पंचायतीनं माझ्या खांद्यावर घातलेली. शाल तुझी होती, याडी. मी ती इतकी वर्षं मिरवली. लाज वाटली नाही का? वाटली ना. पण टाळ्या वाजत होत्या गं!

तुझी नातवंडं पहिल्यांदाच एकत्र घरी आली आहेत. माझी रेणुका, इंग्लंडमधली नर्स. माझा अविनाश, न्यूझीलंडच्या डेअरीवर काम करतो. बापजाद्यांनी बैल हाकले, हा मशीननं गाई दोहतो! आणि ताईचा प्रकाश, मॉरिशसच्या हॉटेलात रस्सा ढवळतो. तीन लेकरं, तीन बेटं.

तुला ते फोन आठवतात? मी बोलायचो आणि तू माझ्या खांद्याला कान लावून बसायचीस. "तो काय म्हणते ते सोड," म्हणायचीस, "त्याच्या मागं काय ऐकू येऊन राह्यलं, ते सांग." अविनाशच्या मागं नुसती पाखरं. प्रकाशच्या मागं तर तेही नाही, पंख्याची घरघर तेवढी. रेणुकाच्या मागं मात्र अँब्युलन्स. एक जात नाही तोच दुसरी. कोणतं बेट कसं लढतंय हे टीव्हीच्या आधी आपल्याला फोनच्या मागून कळायचं. मी चालत्या ट्रकचा आवाज ऐकून कोणता व्हॉल्व गेला ते सांगतो, लोक वाहवा करतात. हा कान कोणाचा? गळ्यातल्या घुंगरावरून गाय ओळखणारी तू!

तर आज सकाळी चहावर तिघांची जुंपली.

"आमच्यावाल्यांनी रोग पसरायच्या आधी दार लावलं," अविनाश म्हणाला. "म्हणून आम्ही लवकरच मोकळे फिरून राह्यलो होतो."

"अन् आपल्याच माणसाईले बाहेर ठेवलं, त्याचं काय?" रेणुका उसळली. "माझ्यासंगची नर्स तुमच्याच देशाची. माय आजारी, पण तिले घरी जाता नाही आलं."

"तुमच्यावाल्यांनी काय केलं मग? पाहू, पाहू म्हणत बसले!"

रेणुका म्हणाली, "उशीर केला, खरं आहे. तो उशीर आम्ही वॉर्डात उपसला. पण लस आली तवा दंडात सुया टोचाले आम्हीच पुढं होतो, हेही सांग."

प्रकाश म्हणाला, "आमच्याकडं तर किराणा दुकानंच बंद! उघडली तेव्हा आडनावाच्या पहिल्या अक्षरानं पाळी लावली."

मला हसू आवरेना. "आपल्या तांड्यात करून पाहा म्हणा! सगळेच राठोड. पाळीच्या दिवशी अख्खा तांडा दुकानात!"

मग रेणुकानं विचारलं, "बाबा, तुम्ही सांगा. कोणतं बेट जिंकलं?"

"चौथं," मी म्हणालो. "आपला तांडा."

"हो, हो. शालवाले बाबा!" ती हसली. आणि मला ते टोचलं. कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

टीव्ही नुसता कुजबुजत होता तेव्हाच तू बैलाचा कासरा काढलास आणि कडुनिंबापासून विजेच्या खांबापर्यंत वाटेवर आडवा बांधलास. जनावरांत साथ आली की शीव बांधायची, बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. तांड्याचे प्रमुख, आपले नायक म्हणाले, "याडी, हे ढोराच्या रोगासाठी असते." तू काय म्हणालीस? "रोगाले मालूम आहे का, ढोर कोण अन् माणूस कोण?"

चौथ्या दिवशी भर उन्हात मी वणीच्या गॅरेजातून, कोळशाच्या ट्रकांचं काम आटोपून, मोटरसायकलवर आलो. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. दोरी लोकांसाठी, आपल्याला कशाची? मायनंच तर बांधली! हॉर्न वाजवला. तू आलीस, पण दहा पावलांवर थांबलीस.

"दोरी उचल, याडी. भूक लागली."

"अजून बोल."

"काय बोलू?"

"घसा बसला तुझा."

"कोळशाची धूळ आहे."

"कोळशानं बसलेला घसा मी वीस वर्षं ऐकला. हा तो नाही. कालच अमावस्या झाली. शेतात राह्य, पुनवेला ये."

मी काय काय बोललो! "माय आहेस का कोण आहेस?" हेसुद्धा. तू ऐकलंस का? तुझे कान, न ऐकून कसं चालेल! वळलीस आणि गेलीस. तिसऱ्या दिवशी शेतातल्या खोपडीत मला ताप भरला. जगाच्या इंजिनांचे आवाज ओळखणाऱ्याला स्वतःचा घसा ऐकू आला नव्हता.

रोज बोरीच्या झाडाखाली भाकर ठेवून तू मागं सरकायचीस आणि हाक मारायचीस, "उत्तम!" मी म्हणायचो, "ओ!" तेवढं ऐकून निघून जायचीस. एक शब्द जास्त नाही! मला वाटायचं, केवढी कठोर बाई. एका दिवशी मात्र तीनदा हाक मारलीस, आणि त्याच दुपारी नायक डॉक्टरला घेऊन आले. मला उमगायला वर्षं लागली. त्या 'ओ'वरून तू माझा दम मोजत होतीस.

पुनवेला आत आलो. तांड्यात कोणाला शिंकही नव्हती. साथ सरली, तरी तांड्यातला एक माणूस कमी झाला नाही, एकही नाही! आणि मी लोकांना सांगितलं, दोरी बांधायला याडीला मीच फोनवर सांगितलं होतं, शेतातही स्वतःहून राहिलो. शाल मिळाली तेव्हा पहिली टाळी तू वाजवलीस. का गं? एक चिमटा तरी काढायचास!

हे सगळं ऐकून रेणुकाचे डोळे भरले. "आम्ही वॉर्डात पेशंटले एका दमात आकडे मोजाले लावत होतो, बाबा. आजी एका 'ओ'वर मोजत होती!" अविनाश उठून उभा राहिला. "ठरलं! आजी एक नंबर, न्यूझीलंड दोन." त्यावर इंग्लंड-मॉरिशसचा पुन्हा दंगा.

मग आम्ही शाल आणि तुझा फोटो घेऊन देवळासमोर गेलो. तांडा गोळा झाला. सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं आणि शाल तुझ्या फोटोवर घातली. मान खाली होती माझी. तर म्हातारे नायक खो खो हसायला लागले! "मले पहिल्यापासून मालूम होतं. याडीनंच सांगितलं होतं, शाल त्याच्याच खांद्यावर राहू द्या, मी किती दिवसाची? पुढच्या बारी दोरी बांधाले तोच लागन."

म्हणजे तेव्हाही तू माझ्या पुढंच होतीस! मग ढोलकी निघाली, बाया नाचल्या, तुझ्या नावाचा असा जयजयकार झाला की पलीकडच्या शिवारातली माणसं पाहायला आली. जिंकलीस, याडी!

आता माझा शब्द. कासरा मी घरात खुंटीला टांगला आहे. पुन्हा काही आलं तर टीव्हीची वाट न पाहता मी बांधीन, आणि बाहेर माझाच लेक उभा असला तरी उचलणार नाही. पण खोपडीला खिडकी, खाट आणि नळ आधीच करून ठेवतो. बाहेर ठेवलेल्या माणसाला टाकून दिल्यासारखं वाटू नये, एवढं तुझ्यापेक्षा जास्त करीन. आणि रोज बोरीखाली उभा राहून हाक मारीन. उत्तर नीट ऐकल्याशिवाय माघारी फिरणार नाही.

तिथून कधी हाक मारलीस, तर ऐक. आज घसा अगदी मोकळा आहे.

ओ, याडी!

तू दोरीबाहेर ठेवलेला,
तुझा उत्तम