‘वजन’ नावाचा रकाना

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पिथमपूरच्या साइटवर आज अप्पासाहेबांशी वाजलं. पाइपांचे टेकू तेच बसवतात, पण माझं ड्रॉइंग उघडून तरी बघतात की नाही देव जाणे! वर म्हणतात, “देखा है मॅडमजी, सगळं देखा है.” देवासच्या साइटवर टेकू बसवणाऱ्या शंतनुकडून शिकावं यांनी. ड्रॉइंगच्या बाहेर एक मिलिमीटर जात नाही. मी तर त्याची तोंडभरून तारीफ केली होती.

परवा इथल्या लाइनीत वाफ सोडायची आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर, दुपार

आकडे पुन्हा तपासले आणि चूक सापडली.

मोठा वाल्व चारशे किलोचा. कॉम्प्युटर वजनाच्या जागी न्यूटन मागतो आणि आम्ही भरलेत चारशे! म्हणजे त्याला तो एक्केचाळीस किलोचा वाटला. ड्रॉइंगमध्ये टेकूही तेवढ्याचाच काढला. त्याच्याखाली माणसं डबा खायला बसतात, मी स्वतः पाहिलंय.

ऑफिसातल्या ज्युनियर पूर्वावर ओरडले. आकडे तिनेच भरलेले. ती हळूच म्हणाली, “ताई, फॉरमॅट तर तुमचाच आहे ना? यात फक्त ‘वजन’ लिहिलंय. किलो की न्यूटन, मला काय पता?”

खरंच की. रकाना माझाच. नुसतं ‘वजन’!

आई शाळेत विज्ञान शिकवायची. भाजी घेऊन घरी आलं की विचारायची, “दोन किलो बटाट्यांचं वजन किती गं?” — “वीस न्यूटन!” आठवीत येत होतं मला हे. आठवीत! लाज वाटते आहे.

आमचे मालक लक्ष्मीकांत सर म्हणाले, “टेन्शन नका घेऊ हो, सेफ्टी फॅक्टर असतोच.” दहापटीचा नसतो सर! मी तोंडावर बोलले. उद्याची वाफ थांबवायला लावली.

संध्याकाळी सहा

पिथमपूरहून आत्ताच आले. टेकू बघितला आणि बघतच राहिले. ड्रॉइंगमध्ये लोखंडाचा बारका अँगल, इथे जाडजूड चॅनल!

अप्पासाहेब मान खाजवत उभे. “एवढं मोठं धूड अन् त्याला ही काडी? मला काही जमलं नाही मॅडमजी. आपल्या मनाने भारी लावून दिलं. आता रागवा.”

रागवू? तिथेच रडू फुटलं. सगळ्यांदेखत वाकून नमस्कार केला त्यांना. ते बिचारे घाबरूनच गेले — “अरे अरे, हे काय!” वाचलो. घरी येऊन आधी चहा केला, दोन कप प्यायले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर, सकाळी सव्वादहा

फॉरमॅट दुरुस्त करायला बसले. पूर्वा मागून म्हणाली, “ताई, देवासचं पण यातच केलं होतं ना?”

तोच वाल्व. तोच बारका अँगल. तिथे आज नऊला वाफ सोडली.

शंतनु फोन उचलत नाही.