गवंड्यांच्या खणातलं कार्ड

ती. ताईस, धाकट्याचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे, खोकलाही गेला. आईचे गुडघे काय म्हणतात?

इथल्या वाचनालयात गावातल्या जुन्या माणसांच्या नोंदींची एक खोली आहे. चाळीस वर्षांपूर्वी गवंडीकामाला म्हणून इथे येऊन कधीच न परतलेल्या बाबांना मी दोन दिवस आडनावाने शोधलं. काही हाती लागेना, तशी काकूचे टोमणे खरे वाटायला लागले.

आज पलीकडच्या टेबलावर ग्रंथपालबाई कुणाला तरी सांगत होत्या, "बाहेरून आलेल्यांना गाव कामानेच ओळखायचं." मी लगेच उठलो. "बाई, मग गवंड्यांचा खण उघडा." त्या म्हणाल्या, "दोन दिवस विचारायला तोंड नव्हतं का?"

कार्ड निघालं. नाव, वय, डाव्या हाताचं तुटकं बोट, सगळं जुळतं. बाबा इथे आल्यावर विसाव्या दिवशी तापाने गेले. घरचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. म्हणजे काकू म्हणते तो दुसरा संसार त्यांनी कधी थाटलाच नव्हता. तिथेच रडलो, पण जीव भांड्यात पडला.

हे आईला हळू आवाजात वाचून दाखव, काकू घरात नसताना. नाही, थांब. काकू असतानाच वाच, आणि मोठ्याने.

तुझा,
धाकटा