पांढरा ठिपका

मंगळवार, ४ फेब्रुवारी

उजवा डोळा. नेमका उजवाच! नेम धरायचा तोच!

कोथरूडच्या डॉक्टर तेजस्विनींनी यंत्रावरचा रंगीत नकाशा दाखवला. माझ्या माहेनूरच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतोय. रायफलच्या छिद्रातून तिला निशाण्याच्या काळ्या गोलाची कड दुहेरी दिसते, म्हणून तिच्या कोचनं, केदार सरांनी, तिला तिकडे पाठवलं. मी नाही. मी बत्तीस वर्षं कसब्यात चष्मे विकतोय आणि माझ्या पोरीचा डोळा कळला कोचला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आपण चष्म्याच्याच धंद्यात ना?" एवढंच. पुण्यात याहून जास्त बोलावं लागत नाही.

किरणांनी पडदा घट्ट करतात म्हणे. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकतं. महिन्याच्या आत करायला हवं. पडदा आणखी पातळ झाला तर हा उपचारही हातचा जाणार, मग दुसऱ्याचं बुबुळ बसवायचं. उपचारानंतर दोन-तीन महिने रायफल बंद.

आणि तेवीस तारखेला बालेवाडीला भारताच्या संघाची निवड!

बुधवार, ५ फेब्रुवारी

दर सहा महिन्यांनी मीच तिचे डोळे तपासत आलो. दर वेळी शेवटची ओळ बिनचूक. आज दुकान उघडलं आणि भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभा राहिलो.

हा तक्ता! ती चार वर्षांची असताना याच तक्त्यावर, माझ्याच छडीनं, मी तिला अक्षरं शिकवली. 'र ट ग प व' — शेवटची ओळ ती गाण्यासारखी म्हणायची. मी गिऱ्हाइकांना कौतुकानं ऐकवायचो, वर तिच्या हातावर फुटाणे ठेवायचो. ती वाचत नव्हतीच, तिला पाठ होतं. इतक्या वर्षांत एकदाही दुसरा तक्ता लावायची अक्कल मला आली नाही. दिव्याखाली अंधार!

विचारलं तिला. म्हणाली, "वर्षभर धूसरच दिसतंय, अब्बा. पण मी ओळ म्हटली की तुम्ही इतके खूश व्हायचा."

शनिवार, ८ फेब्रुवारी

घरात भांडण. ती म्हणते, तेवीसपर्यंत थांबू. मी म्हटलं, आणि निवड झाली तर? मग शिबिर, मग सप्टेंबरातली स्पर्धा. यावर ती रायफल पुसायला लागली. म्हणजे उपचार सप्टेंबरपर्यंत लांबणार! तिची आई, शकीला, डोळे पुसत म्हणाली, तुम्ही सांगा, तुमचं ऐकते ती. कुठे ऐकते! अकरा वर्षं पहाटे उठून रेंजवर गेलीय. सहलीला गेली नाही, लग्नकार्यांना गेली नाही. तिला मी कोणत्या तोंडानं सांगू, थांब म्हणून?

वर तिला नव्या नंबरची काच हवीय, चाचणीसाठी. नाही दिलीत तर लक्ष्मी रोडवर करून घेईन म्हणाली. घेईलही. कोणीही करून देईल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

केदार सरांना फोन केला. म्हणाले, निर्णय तिचा. बरोबरच आहे. बुबुळ त्यांच्या पोरीचं थोडंच आहे!

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंचा फोन — तारीख घेताय ना? हो म्हणालो. पोरीसारखा मीही आता पाठ केलेलं बोलतो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

लिहू की नको... लिहितो. दुसऱ्या कोणाला सांगणार?

नेमबाजांच्या फ्रेमला एकच गोल काच असते. बोटानं फिरते. तिरपा नंबर असला की काच ठरलेल्या कोनातच बसावी लागते, नाहीतर सगळं पसरट दिसतं. म्हणून मी कडेला पांढरा ठिपका देतो. ठिपका बरोबर वर ठेवायचा, की झालं. आज काच अगदी बिनचूक केली. ठिपका मात्र वीस अंश बाजूला दिला.

मुद्दाम.

बत्तीस वर्षांत गिऱ्हाइकाला वाकडी काच दिली नाही. पहिली दिली ती पोटच्या पोरीला. ती हरावी म्हणून दुआ मागतोय मी! कुठला बाप असं मागतो? माझीच लाज वाटते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काच दिली. लावून तिनं तक्त्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान दिसतंय, अब्बा."

जुम्म्याच्या नमाजला जाताना तिलाच दुकानात बसवून गेलो. परत आलो तर काचेचा नंबर मोजायचं यंत्र पुसत होती. कामसू पोर. तिच्याकडे बघवेना.

रविवार, २३ फेब्रुवारी

मागच्या बाकावर बसलो होतो. पहिल्या दहा गोळ्यांतच कळलं. एकूण ६१३ गुण. एरवी ६२९च्या खाली येत नाही ती. यादी लागली, नाव नाही.

जाकीट काढलं, रायफल पेटीत ठेवली, सगळ्यांचा निरोप घेतला. रडली नाही. येताना स्कूटरवर माझ्या पाठीला डोकं टेकून बसली, लहानपणी बसायची तशी. मला हवं होतं तेच झालं ना? मग छाती का फुटतेय?

सोमवार, २४ फेब्रुवारी

राहवलं नाही. सकाळी दुकानात सांगून टाकलं — ठिपका मी चुकवला.

"माहितीये. शुक्रवारी काच यंत्रावर लावून पाहिली होती. बोटानं जरा फिरवली असती तरी चाललं असतं."

मग फिरवली का नाहीस, विचारलं.

"मला स्वतःला थांबवता येत नव्हतं, अब्बा."

पर्समधून डॉक्टरबाईंचा कागद काढून दिला. उद्या सकाळी आठ वाजता, कोथरूड. तारीख तिनं शुक्रवारीच घेतली होती.