नवाई झाल्यावर फवारू

२१ ऑगस्ट, गंधवानी
फवारणीची दुसरी फेरी ५ तारखेच्या आत उरका, असा धारच्या जिल्हा ऑफिसातून हुकूम. उरकू. मलेरियाचं औषध आपण भिंतीवर मारायचं आणि आठवड्यात बायकांनी त्यावर शेणमाती सारवायची. औषध चिखलाखाली, डास चिखलावर आरामात. नवाईच्या सणाला नवा मका देवाला दाखवायचा, तर घर सारवलेलं हवंच. गेल्या वर्षी इथल्या एका फालियात, म्हणजे वस्तीत, रुमालीबाईकडे असंच झालं. तिची सून, केली नाव तिचं, तापाने पडली, पोटातलं मूल गेलं. आता तिला पुन्हा सहावा महिना. या खेपेस तसं होऊ द्यायचं नाही.

२३ ऑगस्ट
रुमालीबाईला म्हटलं, थांबा, आधी सारवून घ्या, मग फवारतो. सारवणार कधी? नवाई ठरली की. नवाई कधी? गावचा मुखिया, पटेल, ठरवेल. पटेलाला गाठलं. तो शेताकडे बघत म्हणाला, कणसं भरली की. झालं. कॅलेंडर गेलं चुलीत.
केलीला दिलेली मच्छरदाणी तिने नवऱ्याच्या गाठोड्यात घातली. तो गुजरातेत बांधकामावर उघड्यावर झोपतो म्हणे. दुसरी मागवलीय.

२५ ऑगस्ट
धारच्या साहेबांना फोन. एवढा एक फालिया मागे ठेवू का? म्हणाले, तुमच्या सणांवर सरकार चालत नाही. माझे सण! असो. त्या वस्तीपुरतं औषध खाटेखाली ठेवलंय. गजू, आमच्या फवारणीवाल्यांचा मुकादम, म्हणाला, "भिया, फँसोगे." फसू. मार्चात रिटायरच होतोय.

३० ऑगस्ट, देवास
गौरींसाठी घरी. नगरपालिकेची धुरळणीची माणसं आली, तर सुलूने दारातूनच परत लावली. गौरी बसायच्यात, तो घाण धूर आत नको. नवरा मलेरिया निरीक्षक, पण बोलायची सोय नाही. जेवलो, झोपलो. दमलोय फार.

६ सप्टें., गंधवानी
मका अजून कोवळा. साहेबांचा दोनदा फोन. "होतंय" म्हटलं. मच्छरदाणी आली नाही.

११ सप्टें.
नवाई ठरली. फालियात घरोघर सारवण चालू. तेवढ्यात आशाताईचा फोन, केलीला थंडी वाजून ताप. गेलो, बोट टोचलं. पट्टीवर रेघ. मलेरिया, वाईट जातीचाच. जीपमध्ये घालून धारला. आशाताई सोबत. रुमालीबाई मातीच्या हातांनी जीप धरून उभी. एवढंच म्हणाली, "साब, तमनेज कयो थो, ठेरो." खरंय, थांबा म्हणून मीच म्हटलं होतं.

१३ सप्टें.
भिंती सुकल्या. सगळा फालिया फवारला. एरवी देवाची खोली, धान्याची खोली सोडायला लावतात. आज कुणी अडवलं नाही. नोकरीत इतकी चांगली फवारणी केली नसेल.
धारच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, डास कधी चावला कसं सांगणार, कदाचित तुम्ही थांबायच्या आधीच. कदाचित. त्यावर झोप येत नाही. नियमाप्रमाणे वेळेत फवारलं असतं तर... आणि नंतर सारवलं असतं तर... सकाळपासून हेच.

१५ सप्टें.
केलीचा ताप उतरतोय. बाळाचं नक्की काही सांगत नाहीत. सोनोग्राफीवाला रजेवर.
नवाई झाली. सगळ्या फालियाने नवा मका खाल्ला. रुमालीबाईने नाही. केली घरी येईल तेव्हाच देवाला दाखवीन म्हणते, तोवर जुनी ज्वारी. मला खाट टाकली, पाणी दिलं. केलीचं विचारेल, बाळाचं विचारेल म्हणून बसून राहिलो. ती जुनी ज्वारी निवडत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.