चार हजार श्रोत्यांचं गाव

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण परवा कंबर धरल्यामुळे हा नमस्कार मी उभ्यानेच, जमेल तेवढं वाकून केला आहे असं समजून घ्यावं. इकडे आम्ही सगळे ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं सकाळचं फिरणं चालू आहे, की दारापर्यंत जाऊन पेपर आणता त्यालाच फिरणं म्हणता? बायको विचारते आहे की तिने विणलेला स्वेटर बसला का. (काका, नसला तरी बसला म्हणा. तिने तो दोनदा उसवला आहे आणि तिसऱ्यांदा उसवला तर मला उसवेल.)

तुमच्याकडून पोस्टकार्ड येऊन चौदा महिने झाले. मी काही तक्रार म्हणून लिहीत नाही. काकू गेल्यानंतर तुम्हाला काही ऐकावंसं वाटत नाही हे मला कळतं. पण बारा वर्षं मी दर महिन्याला एक नवा अल्बम सीडीवर उतरवून पाठवायचा आणि तुम्ही त्यावर एका ओळीचा निकाल द्यायचा, अशी आपली वहिवाट होती. 'ऐकलं. का?' हे कार्ड मी अजून जपून ठेवलं आहे. 'बासरीवाल्याला श्वास घ्यायला सांगा' हेही. रेडिओच्या ध्वनिमुद्रिका विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाने दोन-चार शब्दांत एखाद्याचा निकाल लावावा यात मला कधी वाईट वाटलं नाही. उलट एकदा तुम्ही 'बरं आहे' असं लिहिलं होतंत, तेव्हा मी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती.

तर तुम्ही ऐकेनासे झालात आणि मला शिफारस करायला माणूस उरला नाही. हे दुखणं वाटतं त्यापेक्षा वाईट असतं. कोणी न ऐकलेलं काहीतरी फार सुंदर सापडावं आणि सांगायला समोर प्लॅस्टरचे जबडे असावेत! (माझा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. डॉक्टरीणबाई माप घेतात, मी मागच्या खोलीत कवळ्या घडवतो. दिवसभर बत्तीस-बत्तीस दात माझ्याकडे बघून हसतात, पण मत एकही देत नाही.) म्हणून मी एक मंडळ काढलं. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमध्ये आम्ही चौघं बसतो. एक मी. दुसऱ्या, बसच्या कंडक्टरबाई, ज्यांना शेवटच्या स्टॉपवर वीस मिनिटं मोकळी मिळतात आणि त्यात त्या जगभरचं ऐकतात. तिसरे भूगोलाचे निवृत्त मास्तर. चौथी माझी बायको, जी संगीतासाठी नाही तर मी रविवारी खरंच कुठे जातो हे बघण्यासाठी आली आणि मग उठेना. नियम तीनच. अल्बम याच वर्षाचा हवा आणि शंभराच्या आत लोकांनी ऐकलेला हवा. आणि 'छान आहे' म्हणायला बंदी. जे काय आहे ते फोड करून सांगायचं.

चढाओढ अशी लागली की विचारू नका. मास्तरांनी एका माणसाचा अल्बम आणला, ज्याने आपल्या फ्रीजच्या आवाजावर चाळीस मिनिटं गायन केलं आहे. मास्तरांच्या मते चौथ्या गाण्यात बर्फ वितळायला लागतो तिथे डोळ्यांत पाणी येतं. कंडक्टरबाई म्हणाल्या, "मास्तर, ते पाणी फ्रीजचं आहे." त्यावरून दोन रविवार दोघं बोलत नव्हते. आणि या भांडणात, काका, मला 'जिना' सापडला.

'जिना' हा एका बाईचा अल्बम आहे. ती लिफ्ट दुरुस्त करते. लिफ्ट बंद करून खाली पाटी लावली की पुढचे काही तास जिना तिचा. मग ती अकॉर्डियन काढते. नऊ तुकडे आहेत, नऊ मजल्यांचे. प्रत्येक तुकडा एकेका मजल्यावर वाजवलेला. तळमजल्यावर आवाज जाड, दमट येतो. वर जावं तसा तो मोकळा होत जातो. चौथ्या मजल्यावर ऐन रंगात एक माणूस म्हणतो, "जरा बाजूला व्हा ताई, सोफा येतोय." आणि ती न थांबता बाजूला होते, सूर भिंतीकडे सरकलेला ऐकू येतो! मला मिळाला तेव्हा तो अल्बम चौदा लोकांनी ऐकला होता. त्यातले तीन तिचे नातेवाईक असणार.

आता इथून माझी चूक सुरू होते. मी कवळ्यांच्या खोलीत फोन कपाटावर ठेवून 'जिना' लावला तो लावलाच. कवळीला पॉलिश करतानाही चालू, जेवायला गेलो तरी चालू. सात आठवडे, रविवार सोडून रोज. मध्येच मी त्या बाईला दोन ओळींचं कौतुक लिहून पाठवलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. काका, मी ते उभ्याने वाचायला सुरुवात केली आणि संपवलं तेव्हा बसलेला होतो. तिने लिहिलं होतं की तिला गावाप्रमाणे आकडे दिसतात, आणि इतरत्र सगळीकडे शांतता असताना आपल्या या एका गावात तिचे तुकडे, नऊही मिळून, चार हजार दोनशे वेळा ऐकले गेले आहेत. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. म्हणून तिने रजा काढली आहे, या गुरुवारी ती येते आहे, आणि मी इथलाच असल्यामुळे एखादं सभागृह बघून ठेवता येईल का? 'फार लहान नको,' असं खाली लिहिलं होतं. 'लोक परत जायला नकोत.'

त्या क्षणी खरं लिहायला हवं होतं. मी काय लिहिलं? 'सभागृह ठरवतो.' माणसाचा भित्रेपणा हा फार कामसू असतो हो. मी वाचनालयाचा हॉल घेतला, एकशेवीस खुर्च्या. मग मंडळाची तातडीची बैठक बोलावून सगळं कबूल केलं. बायको म्हणाली, "म्हणजे ते चार हजार म्हणजे तू?" मी म्हटलं, मी आणि माझं जेवण. मास्तर त्या भांडणानंतर पहिल्यांदाच कंडक्टरबाईंशी आपणहून बोलले, ते एवढंच की, "याला आता कोण वाचवणार?"

पण माणसं चांगली. मास्तरांनी जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले. (बहुतेकांना वाटलं, वह्या तपासायच्या राहिल्यात.) कंडक्टरबाई प्रत्येक फेरीत गुरुवारची घोषणा करायला लागल्या, ती लोकांना मार्ग बदलल्याची वाटली आणि सतराजण गाडीतून उतरून गेले. मी माझ्या परीने एक युक्ती काढली. नवी कवळी मिळालेली माणसं लाजून घराबाहेर पडत नाहीत. त्यांना हक्काचं निमित्त मिळावं म्हणून मी त्या आठवड्याच्या आणि मागच्या महिन्याच्या सगळ्यांना एकेक कार्ड पाठवलं: 'नवी कवळी घालून गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाच्या सभागृहात अवश्य यावे.' हाताशी डॉक्टरीणबाईंची कार्डं होती, त्यावर लिहिलं. त्यावर त्यांचा शिक्का होता, हे माझ्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी साडेचारला मी हॉलमध्ये डोकावलो. काका, सव्वीस वयस्कर माणसं पहिल्या दोन रांगांत नंबर लावून बसली होती. एका आजोबांच्या हातात कवळीची डबी होती. एक आजी आपल्या शेजारणीला तोंड उघडून दाखवत होत्या, नेमकं कुठे टोचतं ते. मला बघून सगळ्यांनी एका सुरात विचारलं, "डॉक्टर आल्या का?" मागे मास्तरांचे चार विद्यार्थी होते, वयाने साठीचे, आणि तेही कोणी बोलायला लावेल या धास्तीने दाराजवळ.

मी तसाच स्टँडवर पळालो. कंबर तिथेच धरली. बसमधून एक ठेंगणी, पन्नाशीची बाई उतरली. पाठीवर काळी पेटी, पायात कामाचे बूट, आणि नवी कोरी साडी, जिची घडी अजून मोडली नव्हती. ती साडी बघितली आणि मला खोटं बोलवेना. फलाटावरच्या बाकावर तिला बसवून मी सगळं सांगितलं. चार हजार नाहीत. मी एकटा आहे. आत जे बसलेत ते दात दाखवायला आलेत. परत जायची गाडी सव्वापाचला आहे, तिकीट मी काढतो.

 समोर एक माणूस टायर तपासत होता, ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अख्खा किती वेळा ऐकलात?"

"साडेचारशे तरी."

"सहाव्या मजल्यावर काय होतं?"

मी म्हटलं, "तिथे तुम्ही सुरुवात करता आणि कोणीतरी दार उघडतं. दार लावल्याचा आवाज मात्र शेवटपर्यंत येत नाही. तिथून पुढे तुम्ही हळू वाजवता. त्या माणसासाठी."

काका, तिने पदराने नाक पुसलं. म्हणाली, "ती एक म्हातारी होती. एवढं माझ्या भावालाही ऐकू आलं नाही. मीसुद्धा साडेचारशे वेळा ऐकलेलं नाही हो." आणि पेटी पाठीवर घेऊन उठली. "चला. दात तर दात."

हॉल तिला पसंत पडला नाही. एकदा टाळी वाजवून बघितली आणि म्हणाली, इथे आवाज मरतो; जिना कुठे आहे? वाचनालयाला तीन मजल्यांचा दगडी जिना आहे. तिथे एकेका पायरीवर ती सगळी मंडळी बसवायला आम्हाला अर्धा तास लागला. कंडक्टरबाईंनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात "आत सरका, आत सरका, कठड्याकडे जागा आहे" म्हणत सगळ्यांना बसवलं. वर्तमानपत्रांचे गठ्ठे खाली अंथरले. मग ती तळाशी उभी राहिली आणि वाजवत वाजवत, माणसांमधून वाट काढत, एकेक पायरी वर चढायला लागली. ज्याच्या शेजारून ती जाई तो माणूस आधी पाय आवरी, मग मान वर करी, आणि मग ती पुढे गेली तरी मान खाली घेत नसे. दुसऱ्या मजल्यावर त्या 'टोचतंय' म्हणणाऱ्या आजी गुणगुणायला लागल्या. नव्या कवळीमुळे त्यांच्या प्रत्येक सुराला बारीक शिट्टी लागत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, काम माझंच. पण ती लिफ्टवाली थांबली, कान दिला, आणि तिने तो शिट्टीचा सूर उचलून आपल्या वाजवण्यात घेतला. पाच मिनिटं त्या दोघीच. जिन्यात दुसरा आवाज नाही.

इतक्यात डॉक्टरीणबाई तणतणत आल्या, आपल्या शिक्क्याचा जाब विचारायला. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. वाजवणं संपेपर्यंत त्या सगळ्यांत खालच्या पायरीवर बसल्या होत्या. शेवटी मी पुढे होऊन म्हटलं, डॉक्टर आल्या आहेत, ज्यांना दाखवायचं त्यांनी यावं. डबीवाले आजोबा वरून म्हणाले, "त्यांना बसू द्या. तुम्ही पहिल्यापासून वाजवा." आणि तिने पहिल्यापासून वाजवलं. (मग डॉक्टरीणबाईंनी पायरीवरच अकरा जबडे तपासले. आजींची शिट्टी दुरुस्त करायला निघाल्या तर आजींनी नकार दिला.)

ती दोन दिवस आमच्याकडेच राहिली आहे. बायकोने त्याच दिवशी माझा फोन काढून घेतला आणि अजून दिलेला नाही. आज, शनिवारी सकाळी चहा पिताना लिफ्टवालीने आकडा बघितला. गुरुवारनंतर आपल्या गावात 'जिना' एकशे एकतीस वेळा ऐकला गेला आहे आणि त्यात माझा एकही नाही. तिने तो आकडा मला दाखवला आणि आणखी एक पाव खाल्ला. चार हजार दोनशेंनी तिला इतका आनंद झाला नसेल. उद्याच्या मंडळाला आजी येते म्हणाल्या आहेत. त्यांच्याकडे कोणी न ऐकलेलं काहीतरी आहे म्हणे, पण आधी सांगणार नाहीत.

एवढंच कळवायचं होतं. माझा दुसरा काही हेतू नाही. तब्येतीला जपा.

तुमचा पुतण्या

ता. क. या वेळी सीडी पाठवलेली नाही. तुम्ही ती अलीकडच्या सीडींसारखीच न फोडता कपाटात ठेवली असतीत.

ता. क. दुसरा. लिफ्टवालीचा परतीचा रस्ता तुमच्या गावावरून जातो. तुमच्या इमारतीला सहा मजले आणि बंद लिफ्ट आहे, हे मी तिच्याजवळ सहज बोललो. खालच्या औषधाच्या दुकानातल्या वहिनींना फोन करून मी तुमच्या वतीने पंधराजणांना आज संध्याकाळी सहाचं आमंत्रण दिलं आहे. रागवा, पण सहानंतर.

ता. क. तिसरा. हे पत्र टपालाने आलेलं नाही हे पाकिटावर तिकीट नाही त्यावरून तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्या बाईंनी ते तुमच्या हातात दिलं, त्याच त्या. काका पत्र अर्धवट सोडून बोलत नाहीत, वाचून होईपर्यंत थांबा, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे. पत्र जरा लांबलं. ती पेटी अकरा किलोची आहे. काका, त्यांना आत घ्या.