सात मिनिटं तीस सेकंद

२ फेब्रुवारी, रविवार
आज वक्तृत्व क्लबच्या सभेत माझ्या हातून वेळ संपल्याचं लाल कार्ड दाखवायचं राहिलं, म्हणून ही वही. अकरा वर्षं टाइमकीपर आहे, असं पहिल्यांदाच झालं. अध्यक्ष अंगद, एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर, चहाच्या वेळी म्हणाला की मॅडम, काका जाऊन चारच महिने झालेत, थोडे दिवस आराम करा, टाइमकीपर दुसरा बघतो. माझं लक्ष शेवटच्या रांगेतल्या खुर्चीकडे गेलं होतं, एवढंच. मला न्यायला आले की हे, म्हणजे त्रिंबकराव, तिथेच बसायचे. खुर्ची कुणीतरी वाकडी ठेवली होती. डोकं शाबूत आहे याचा लेखी पुरावा असावा. रोज लिहिणार.

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ५.४०
निर्णय. २३ तारखेच्या क्लबच्या स्पर्धेत मी स्वतः बोलणार. विषय: वेळ कुणासाठी थांबत नाही.
पाच ते सात मिनिटं, वर तीस सेकंदांची सवलत. एकतिसाव्या सेकंदाला बाद. हा नियम मीच आणला. गेल्या वर्षी दैवशालाला चार सेकंदांसाठी बाद केलं. केदारखेड्याहून येते, बचत गट चालवते. रडली. नियम म्हणजे नियम.
भाषण तयारच आहे. नऊ वर्षं घरी म्हणते आहे. मी दाराशी उभी, त्रिंबकराव झोपाळ्यावर, हातात क्लबचं स्टॉपवॉच आणि तीन कार्डं: पाचला हिरवं, सहाला पिवळं, सातला लाल. अवघड उताऱ्यात मी डोळे मिटते. दर वेळी सहा मिनिटं पन्नास सेकंद. ते म्हणायचे, एकदा क्लबात उभी राहा की. मी म्हणायचे, मग वेळ कोण लावेल?

६ फेब्रुवारी, गुरुवार
सराव नाही. झोपाळा वाऱ्याने करकरतो, मुद्दे विसरायला होतं. तेल आणणे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
तेल घातलं. आता अजिबात आवाज येत नाही.
सराव नाही. पाहुणे येण्याची शक्यता होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार
तृप्तीचा पुण्याहून फोन. म्हणाली, आई, मी व्हिडिओवर कार्डं दाखवू का? नको म्हटलं. सव्वीस वर्षं बियाणे कारखान्यात उगवण तपासली, घड्याळ माझ्या अंगात आहे. ती म्हणाली, तरी एकदा मोबाइल लावून बघच, कारण बाबा... मी म्हटलं, मुद्द्याचं बोल. मग म्हणाली, काही नाही. लेकीला मुद्देसूद बोलता येत नाही. माझ्यावर गेलेली नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
क्लब. दैवशालाने सगळ्यांसाठी हुरडा आणला. म्हणाली, मॅडम, तुमी सोत्ता बोलून राह्यल्या म्हनं? मंग आमचं काही खरं न्हाई. पन टाइम बराबर बघा बरं, मला चार सेकंदानं झोपिवलं होतं तुमी. सगळे हसले. मी हसले नाही.
घरी येऊन भाजी निवडताना पूर्ण भाषण मनात म्हटलं. सहा पन्नास. अंदाजे.

२२ फेब्रुवारी, शनिवार
साडीला इस्त्री. मधल्या उताऱ्यात त्रिंबकरावांची टेंभुर्णीची एसटी चुकल्याचा किस्सा आहे. काढावा का, असा विचार आला. ठेवला. किस्सा मजेदार आहे. त्यात डोळे पुसण्यासारखं काही नाही.
पहिल्या क्रमांकाचं कपाट साफ केलं. म्हणजे ट्रॉफी ठेवायचं.

२३ फेब्रुवारी, रविवार
बोलले. कार्डं कॉलेजात शिकणाऱ्या रेणूच्या हातात. हिरवं ठीक. पिवळं फार लवकर. लाल तर उघड चूक: मी अजून एसटीपाशीच होते. घरी लाल दिसायच्या आत माझा समारोप झालेला असायचा. रेणूला डोळ्यांनी दटावलं, कार्ड खाली घे. पोरगी घेईना. मी भाषण पूर्ण केलं. डोळे एकदाच पुसले.
नऊ मिनिटं बारा सेकंद. बाद.
अंगद कानाशी येऊन म्हणाला, मॅडम, नियम तुमचाच आहे.
पहिली दैवशाला. तिने माझा हात धरला. म्हणाली, लई ग्वाड बोलल्या. घड्याळाचं काय घिऊन बसल्या, त्याला काय काळीज आस्तंय?
उद्या रेणूच्या घड्याळाविरुद्ध लेखी तक्रार.

२४ फेब्रुवारी, सोमवार
तक्रार लिहिली. दोन पानं. पुरावा: नऊ वर्षं सहा पन्नास. साक्षीदार म्हणून तृप्तीला फोन केला.
ती म्हणाली, आई, बाबा घड्याळ थांबवून ठेवायचे. तू डोळे मिटलेस की बटण दाबायचे. उघडायच्या आत परत चालू. मी कितीदा पाहिलंय. एकदा विचारलं तर तोंडावर बोट ठेवून म्हणाले, दिवसभर कारखान्यात गप्प असते बिचारी. बोलू दे. आपल्याला कुठं जायचंय?
मी म्हटलं, ही शिस्त नव्हे. फोन ठेवला.
तक्रार फाडली.
संध्याकाळी झोपाळ्यावर बसले, त्यांच्या बाजूला. तिथून दार दिसतं. दारात उभं राहून बोलणारं माणूस पूर्ण दिसतं, डोक्यापासून पायापर्यंत. मला माहीत नव्हतं.
भाषण म्हणायचा प्रयत्न केला. विषयाच्या पुढे गेले नाही.

२५ फेब्रुवारी
काही नाही.

२ मार्च, रविवार
क्लबला सुपूर्द केलेल्या वस्तूंची नोंद.
स्टॉपवॉच, एक. चालू आणि अचूक. बटण अंगठ्याच्या जागी झिजलेलं.
कार्डं तीन: हिरवं, पिवळं, लाल.
वेळेची नोंदवही, अकरा वर्षांची.
घेणार: रेणू. तिची सही घेतली. तुझं घड्याळ बरोबर होतं, हेही सांगितलं.
दैवशालाला म्हटलं, तुझे गेल्या वर्षीचे चार सेकंद परत देते. तिने घेतले नाहीत. म्हणाली, ऱ्हाऊ द्या मॅडम, तुमालाच लागतील.
निघताना शेवटच्या रांगेतली खुर्ची सरळ केली.
किती वाजले होते, पाहिलं नाही.